अकरा रिकामी घरं

माझ्या धाकट्या बहिणीला दोन प्रकारची माणसं ओळखतात. एक, नव्या संगीताची वेडी माणसं. ती तिला ‘काटेवाली’ म्हणतात आणि तिचं गाणं ऐकायला विमानाने येतात. दुसरी, जी तिच्या तडाख्यात सापडली. पहिली काही हजार असतील. दुसरी दोनच, छडीसाहेब आणि मी. छडीसाहेबांचं जे झालं ते सांगताना मला आजही गुदगुल्या होतात. माझं जे झालं तेही सांगणार आहे, पण शेवटी, कारण माझा नंबर तिनेच शेवटचा लावला होता.

आमची आई ऑपेराच्या थिएटरात कपडेखात्यात इस्त्री करायची. तळघरात लांबट खोली, सहा टेबलं, भिंतीवरून गेलेले वाफेचे जाड पाइप आणि टांगलेल्या झग्यांच्या रांगा. शाळा सुटली की आम्ही दोघी तिथंच यायचो. मी टेबलाच्या टोकाला गृहपाठ करायचे. धाकटी टेबलाखाली बसून वरच्या मजल्यावरच्या तालमी पाइपांतून ऐकायची. पाच वर्षांची असताना एकदा म्हणाली, "आई, पाइप आज रोजच्यापेक्षा खालून गातोय." आई म्हणाली, "गाऊ दे त्याला, तू आधी डबा संपव." दुसऱ्या दिवशी बॉयलर बंद पडला. तेव्हापासून बॉयलरवाला कामावर आला की आधी धाकटीला विचारायचा, "काय म्हणतोय गं आज?" कौतुकाला ती आणि कामाला मी, ही आमच्या घरातली वाटणी तेव्हापासूनची.

गायचं मलाही होतं. एकोणिसाव्या वर्षी मी त्याच थिएटरात निवडीला गेले. तीन परीक्षक होते. चौथ्या ओळीला मधला म्हणाला, "धन्यवाद, पुढची." आठ वर्षांनी धाकटी त्याच खोलीत उभी राहिली, तर तिला त्यांनी अख्खं गाणं दोनदा गायला लावलं, दुसऱ्यांदा निव्वळ मजा म्हणून. ती कोरसमध्ये लागली. मी तोवर खोक्यात बसायला लागले होते.

खोकं म्हणजे प्रॉम्प्टरची जागा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, जमिनीत अर्धं गाडलेलं. माझं तोंड गायकांकडे, पाठ वादकांकडे आणि प्रेक्षकांकडे. गायक अडला की पुढच्या ओळीचा पहिला शब्द द्यायचा, असा की त्याला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये. वादकांना आणि गायकांना छडीच्या इशाऱ्यावर चालवणारा पाठीमागचा कंडक्टर दिसावा म्हणून खोक्यात वहीएवढा आरसा असतो. त्यात त्याचे हात आणि त्याच्या पुढ्यातलं संगीताचं पुस्तक, एवढंच दिसतं. थिएटरात हजार माणसं असली तरी कंडक्टर पान कसं उलटतो हे दिसणारी जागा ती एकच. हे लक्षात ठेवा.

प्रयोग संपला की प्रॉम्प्टरने आणखी एक काम करायचं असतं. चुकांची वही लिहायची. कोण कुठं चुकलं, कोणत्या पानावर, किती. सकाळी मॅनेजरबाई ती वाचतात. वहीपुढे कोणी वाद घालत नाही. नट्या रडतात, गायक आजारी पडतात, पण वहीत आलं ते आलं.

आता छडीसाहेब. कंडक्टर म्हटलं की लोकांना बस आठवते, आणि आमचाही फार वेगळा नव्हता. कोणाला चढवायचं आणि कोणाला कुठे उतरवायचं हे तोच ठरवायचा. हातात पांढरी छडी, केस मागे वळवलेले, आणि चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं दिसत नसतानाही चष्मा कधी लावायचा नाही. चष्म्याने म्हणे चेहऱ्याचा दरारा जातो. वादक पाठीमागे त्याला छडीसाहेब म्हणायचे आणि पुढ्यात आले की पाठीचा कणा घरी विसरल्यासारखे वाकायचे.

धाकटी एकोणतिसाची झाली तेव्हा थिएटरने एक नवा ऑपेरा घेतला. नव्या संगीतात चाल नसते, धरून चालायला कठडाच नसतो म्हणा ना. कागदावर दोन उभ्या रेघांमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो. जुन्या ऑपेरात प्रत्येक घरात चार मात्रा, मुकाट्याने. इथं एका घरात पाच, पुढच्यात सात, मग तीन, मग पुन्हा सात. आणि गायिकेचा पहिला सूर कुठून आणायचा तर हवेतून, कारण कोणतंच वाद्य तो आधी वाजवत नाही. ठरलेल्या तीन मुख्य गायिकांनी पुस्तक चाळलं आणि तिघींचेही घसे एकाच आठवड्यात बसले.

कोरसमधल्या धाकटीने मात्र ती भूमिका घेतली आणि नादकाटा उचलला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच. तो ती बाहीत लपवायची, गुडघ्यावर हलकेच आपटायची आणि कानामागच्या हाडाला टेकवायची. सूर फक्त तिला ऐकू जायचा. मग तोंड उघडायची ते नेमकं. घरी स्वयंपाकघरात पायाने सात आणि हाताने पाच मोजत भांडी घासायची. आमच्या निम्म्या बशा त्या ऑपेरात गेल्या. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर चिडून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे, तर ही खिडकीतून ओरडायची, "काका, तुम्ही पुढे धावताय!"

ऑपेरात एक बाई बंदरावर उभी असते. तिचा नवरा ज्या जहाजावर होता ते बुडालेलं असतं, आणि किनाऱ्यावरून फेकलेला दोर कोणीतरी हातातून सोडून दिलेला असतो. मधल्या एका जोडपानावर अकरा घरं आहेत. त्यात ती गावाला एकच प्रश्न विचारते, ‘दोर कोणी सोडला?’ त्यानंतर ती नुसती कुजबुजते, आणि कुजबुज संपल्यावर मोठा ढोल एकदाच वाजतो.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलेलं होतं. आई तिसऱ्या मजल्यावर फुकटच्या जागेवर, स्वतः इस्त्री केलेला झगा वरून बघत बसली होती. ते पान आलं. मी आरशात पाहत होते. छडीसाहेबांनी बोटाला थुंकी लावली, पानाचा कोपरा धरला आणि एकदम दोन पानं उलटली. अकरा घरं गेली. तो सरळ कुजबुजीवर पोचला आणि छडी चालवत राहिला.

धाकटीला क्षणात कळलं. गायकाला शिकवलेलं असतं की कंडक्टर चुकला तर सांभाळून घ्यायचं. तिने प्रश्न सोडला, उडी मारली आणि त्याच्याबरोबर कुजबुजायला लागली. बहुतेक वादकांनीही उडी मारली. एक ढोलवाला तेवढा राहिला. त्याला चाळीस घरं काहीच वाजवायचं नसतं, तो बिचारा डोळे मिटून घरं मोजत होता. त्याने त्याच्या हिशेबाने बरोबर जागी ढोल वाजवला, आणि तो पडला प्रयोगातल्या सगळ्यात शांत जागी. आधी कोणीतरी दचकून शिंकलं. मग एकजण हसला. मग सगळं थिएटर हसलं.

छडीसाहेबांनी छडी खाली केली. प्रेक्षकांकडे वळले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "क्षमा करा. बाईंचं पान हरवलं. नवीन आहेत. आपण पुन्हा तिथून घेऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी. धाकटी दिव्याखाली उभी होती, नादकाटा मुठीत, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आरसा माझ्याकडे आहे हे तिला माहीत होतं.

प्रयोगानंतर मी वही घेऊन बसले, तेवढ्यात मला साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. तो बूट काढून बसला होता.

"काय दिसलं तुला?" त्याने विचारलं.

"सर, दोन पानं..."

"आरसा लहान आहे तुझा." मग पायमोजा सरळ करत म्हणाला, "किती वर्षं हंगामी आहेस?"

"बारा."

"जागा निघतेय. कायमची. माझी सही लागते."

मी तिथंच, त्याच्या टेबलावर, लिहिलं. ‘गायिकेने अकरा घरं गाळली.’

आईचं मनगट तेव्हा इस्त्रीने गेलं होतं, घर आम्हा दोघींच्या पगारावर चालत होतं, एकीची तरी नोकरी टिकायला हवी होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती एकवीस वर्षं स्वतःला सांगितली. पण लिहिताना मला आतून बरं वाटलं, हेही खरं. ‘धन्यवाद, पुढची’ हे शेवटी तिलाही कोणीतरी म्हणालं, असं वाटलं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळी मॅनेजरबाईंनी धाकटीला वही दाखवली. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नसणार, मुळाक्षरं तिला मीच शिकवली होती. घरी येऊन तिने पिशवी भरली. आई रडत होती, काय झालं ते तिला धड कळतही नव्हतं. दारात धाकटी मला एवढंच म्हणाली, "ताई, आरसा पुसत जा." आणि गेली. पंधरा दिवसांत मी कायम झाले.

आमच्या धंद्यात गायिकेचा आवाज थोडा कमी गोड असला तरी निभतं, पण पान हरवणारी गायिका नव्या संगीतात कोणी दारात उभी करत नाही. दोन वर्षं तिला काम मिळालं नाही. मग ज्यांना कोणीच गायला मिळत नाही असे फाटके रचनाकार तिच्याकडे यायला लागले. त्यांच्यासाठी ती रिकाम्या पोहण्याच्या तलावात उतरून गायली, शाळेच्या व्यायामशाळेत गायली, बंद पडलेल्या सूतगिरणीत गायली. एकाने तिला उघड्या पियानोत डोकं घालून गायला लावलं, म्हणजे आतल्या तारा तिला उत्तर देतील. दुसऱ्याने श्वास आत घेताना गायला सांगितलं. तिने कशाला नाही म्हटलं नाही. एक गोष्ट मात्र ती आधीच सांगायची, "कंडक्टर नको. मी मोजते." वादक तिच्या श्वासावर वाजवायला शिकले. तिला पाहून म्हणे घड्याळं लावावीत.

दहाएक वर्षांत दिवस पालटले. मोठमोठे लोक तिच्या गळ्यासाठी म्हणून लिहायला लागले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, हातात नादकाटा, ओठ घट्ट. मुलाखतीत विचारलं, तुमचे गुरू कोण? ती म्हणाली, "एक गृहस्थ आहेत. त्यांनी मला एका संध्याकाळी सगळं शिकवलं." लोकांना वाटलं केवढी ही नम्रता! छडीसाहेबांनी ते कात्रण थिएटरच्या फलकावर लावून घेतलं होतं. मी ते वाचलं, पण त्या नम्रतेवर माझा विश्वास बसला नाही.

कारण मला ती दरवर्षी काहीतरी पाठवत होती. त्या प्रयोगाच्या तारखेला, न चुकता, एक पाकीट. आत एकच कागद, त्यावर संगीताच्या पाच आडव्या रेघा आणि उभ्या रेघांनी पाडलेली अकरा घरं. रिकामी. ना पत्र ना सही. पाकिटावरचे शिक्के बदलत गेले, तिकिटं महाग होत गेली, घरं अकराच. एकदा ते आईच्या हाती लागलं, तर तिने त्यावर धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहून टाकली. "चांगला जाड कागद आहे गं," म्हणाली. आई गेली त्या वर्षी धाकटी येऊन गेली, माझ्यापासून चार पावलांवर उभी राहिली, आलेल्यांशी बोलली, माझ्याशी नाही. पाकीट त्याही वर्षी आलं. मी सगळी पाकिटं एका बुटांच्या डब्यात ठेवली होती. तारीख जवळ आली की मला जेवण जायचं नाही, टपालवाला दिसला की त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटायचं. अगदी हेच तिला हवं होतं.

मग छडीसाहेबांचा निवृत्तीचा हंगाम आला. थिएटरने ठरवलं की निरोपाला तोच ऑपेरा करायचा. त्याचा रचनाकार मध्यंतरी वारला होता आणि त्यामुळे थोर झाला होता. मोठ्या तालीमखोलीला साहेबांचं नाव द्यायचंही ठरलं, पितळी पाटी तयार झाली. गायिका कोण? दोघींनी पुस्तक साभार परत पाठवलं. मॅनेजरबाई मला म्हणाल्या, "तुझी बहीण येईल का गं?"

ती लगेच हो म्हणाली. अटी दोनच. खोक्यात ताईच हवी. आणि चुकांची नोंद, जी आता कॉम्प्युटरवर होत होती, ती जुन्यासारखी वहीत व्हावी. सगळ्यांना वाटलं, जुन्या आठवणींचा जिव्हाळा. मला तसं वाटलं नाही.

तालमींत ती इतकी गोड वागली की मला धडकी भरली. "नमस्कार सर. तुम्ही म्हणाल तसं सर." ती पन्नाशीची, तो पंच्याहत्तरीचा. चष्मा अजून नाहीच. माझ्याशी तिचं बोलणं कामापुरतं होतं. त्या जोडपानावर आली की मात्र न चुकता खोक्याकडे बघायची, पापणी न हलवता.

आरशात मला काहीतरी लाल दिसत होतं. तिसऱ्या दिवशी नीट पाहिलं. साहेबांनी पुस्तकातल्या एकाच पानाच्या कोपऱ्याला लाल कागदाची पट्टी चिकटवली होती, बोटाने चाचपून सापडावी अशी. त्याच पानाला. मी दातओठ खाल्ले. एकवीस वर्षं हा माणूस छाती पुढे काढून हिंडला, आणि पट्टी कुठं लावायची हे त्याला बरोबर माहीत होतं!

धाकटीने ती रंगीत तालमीला पाहिली. सगळे वादक जागेवर, पहिल्या रांगेत दोन वार्ताहर. ती रंगमंचाच्या कडेपर्यंत आली आणि वाकून अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, एक विचारू? त्या दिवशी पान माझं हरवलं होतं ना?"

"बरं मग?"

"मग पट्टी तुमच्या पुस्तकाला का?"

म्हाताऱ्या बासरीवाल्याला खोकला आला, आणि तो खोकला नव्हता. साहेबांचा कान लाल झाला. "तुम्ही विसरलात तर मला सावध राहावं लागेल, म्हणून," तो म्हणाला.

"किती काळजी घेता सर," धाकटी म्हणाली आणि जागेवर गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी नव्हती. काढणं भागच होतं त्याला. ठेवली असती तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. त्याचा तोरा तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. एका साध्या प्रश्नात तिने त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

निरोपाचा प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. थिएटर तुडुंब. पहिला अर्धा तास सगळं सुरळीत चाललं. ते पान जवळ येऊ लागलं तसं आरशात मला त्याचा डावा हात दिसला. तो पानाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळत होता. एक आहे की दोन? एक की दोन? पण घरं कोणासाठी थांबत नाहीत. पाच मात्रा गेल्या, सात गेल्या, तो अजून चोळतोय. छडी अडखळली. पान उलटलं तेव्हा तो कुठं आहे हे त्यालाच माहीत नव्हतं, आणि घाबरून त्याने छडी नेली ती सरळ कुजबुजीवर. एकवीस वर्षांपूर्वीच्याच ठिकाणी.

वादकांमध्ये गोंधळ उडाला. कोणी थांबले, कोणी दोन-चार सूर वाजवून गप्प झाले. साहेब छडीने धाकटीला खुणावू लागला. ये, इकडे ये, सांभाळून घे.

तिने तोंड मिटलं.

नुसती उभी राहिली. मग बाहीतून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानामागे टेकवला. सूर तिच्याकडे होता. शब्दही होता, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. तरी ती गायली नाही. तिने मान खाली घातली आणि खोक्यात, माझ्याकडे पाहिलं.

गायिका थांबली की प्रॉम्प्टरने शब्द द्यायचा, हा नियम. मी कुजबुजीचा शब्द दिला असता तर साहेब सुटला असता, पुन्हा. लोकांना वाटलं असतं, बाईंचं पान पुन्हा हरवलं. कागदावरचा खरा शब्द दिला असता तर तो सगळ्यांदेखत तोंडघशी पडला असता. निवृत्तीला माझे चार महिने राहिले होते. मला कळत होतं की ती त्याला नाही, मला पिंजऱ्यात उभं करतेय. आणि मला त्या म्हाताऱ्याचा, माझा, त्या बुटांच्या डब्याचा असा काही संताप आला की मी कुजबुजलेच नाही.

"दोर!" मी ओरडले.

पहिल्या पाच रांगांनी ऐकलं.

ती गायली. ‘दोर कोणी सोडला?’ चार शब्दही नाहीत ते, पण मी तेहेतीस वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता. बासरीवाला तिच्यामागे आला. मग व्हायोलिनं, मग सगळे. तिच्या श्वासावर, तिच्या डोक्याच्या हालचालीवर. साहेबाची छडी सहा-सात घरं एकटीच हवेत फिरत होती, एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हता. तिने अकराही घरं पुरी गायली. मग कुजबुज. मग ढोल, डोळे मिटून मोजणाऱ्या त्याच ढोलवाल्याचा, आता टक्कल पडलेल्या, आणि तो पडला बरोबर जागी. कोणी हसलं नाही.

शेवटी टाळ्या थांबेनात. आमच्याकडे पद्धत अशी की मुख्य गायिका विंगेत जाते, कंडक्टरचा हात धरते आणि त्याला रंगमंचावर आणते. तो एकटा येत नाही, ते शोभत नाही. छडीसाहेब विंगेत काळा कोट झटकून, केस सारखे करून उभा होता. मला खोक्यातून दिसत होता. धाकटीने एकदा वाकून नमस्कार केला, दोनदा केला, पाचदा केला. त्याच्या बाजूला बघितलंही नाही. तो अर्धा हात पुढे करून उभा होता. टाळ्या कमी झाल्या, दिवे लागले, लोक कोट घालू लागले, तरी तो हात तसाच होता. मी ते दृश्य पोटभर पाहिलं. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला त्या थिएटरात कधी मिळालं नव्हतं.

मग ती माझ्या टेबलाशी आली, झग्यातच. मी नवी वही उघडून लिहायला बसले होते, ‘कंडक्टर...’

"आजचं राहू दे," ती म्हणाली. "जुनी काढ."

जुन्या वह्या खालच्या कपाटात होत्या. ते पान शोधावं लागलं नाही, माझं बोट आपोआप तिथंच गेलं. मी माझी ओळ खोडली आणि खाली लिहिलं की कंडक्टरने दोन पानं एकदम उलटली, मी आरशात पाहिलं आणि खोटं लिहिलं. तिने वाचलं.

"का लिहिलंस?"

"आईच्या..."

"ताई."

मी लिहिलं. कायम नोकरीसाठी. त्याखाली, आणखी एक ओळ, कारण ती अजून उभीच होती. मला बरं वाटलं म्हणून.

"सही कर. तारीख आजची घाल."

मी केली. तिने वही उचलली आणि मॅनेजरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"धाकटे," मी मागून म्हणाले, "चहाला तरी ये घरी."

ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "माझं काम झालं, ताई," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या विमानाने गेली.

पुढचं थोडक्यात. वार्ताहरांनी ‘दोर’ ऐकलाच होता, त्यांनी विचारलं, मॅनेजरबाईंनी वही दाखवली. पुढच्या हंगामाच्या पत्रिकेत थिएटरने धाकटीची माफी छापली. तालीमखोलीचं नाव अजून ‘तालीमखोली क्रमांक तीन’च आहे. पितळी पाटी वितळवली की काय केलं ठाऊक नाही. साहेब गाव सोडून मुलीकडे राहायला गेला, तिथं चष्मा लावतो म्हणतात. माझी चौकशी झाली. खोक्यातून काढून मला उरलेले चार महिने तळघरात कपडेखात्यात बसवलं, बटणं निवडायला. आईच्याच खोलीत. निरोप वगैरे काही झाला नाही, मी किल्ली देऊन घरी आले. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. जे झालं ते योग्यच होतं.

मग ती तारीख आली. मी सकाळपासून दारात होते. या वेळी घरं रिकामी नसतील, असं मी धरून चालले होते. निदान एका घरात एखादा सूर तरी लिहिला असेल. टपालवाला आला, खालच्या मास्तरांच्या घरात वर्तमानपत्र टाकलं, जिना चढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर मी त्याला विचारत राहिले, शेवटी तो वैतागून म्हणाला, "मावशी, असतं तर दिलं नसतं का?"

एकवीस वर्षं ती जगात कुठंही असली तरी वर्षातला एक दिवस टेबलाशी बसून, पट्टी धरून, माझ्यासाठी सतरा रेघा ओढत होती. माझ्यावरचा सूड म्हणून का होईना, माझी आठवण काढत होती. ते मला पाकीट बंद झाल्यावर कळलं. या वर्षी तारीख पुन्हा येईल. कोरे कागद आणून ठेवलेत, पण तिचा सध्याचा पत्ता माझ्याकडे नाही.